हावरीच्या तोंडाशी

मी हावरी बोलतेय. नाव ऐकून हसू नका. कारखान्यातून निघाले तेव्हा मला नावच नव्हतं, पत्र्यावर ठोकलेला एक लांबलचक आकडा तेवढा होता. हावरी हे नाव ठेवलं माझ्या मालकिणीच्या भावानं. मी खायला लागले की थांबायचं नाव घेत नाही, म्हणून. फांद्या गिळून त्यांच्या ढलप्या करणारी मशीन आहे मी. आत्ता माझं इंजिन गार आहे, तेव्हा जवळ यायला हरकत नाही. हात मात्र खिशातच राहू द्या.

माझं तोंड म्हणजे एक रुंद लोखंडी पन्हळ. तिच्या शेवटी दोन दातेरी रूळ, एक वर, एक खाली. फांदीचं टोक त्यांच्यात सापडलं की ते तिला आत ओढतात. आत एक पोलादी पिंप गरगरत असतं आणि त्याला पाती बसवलेली असतात. तिथवर पोचलं की संपलंच. फांदी किंचाळते, मी किंचाळते, आणि माझ्या उंच मानेतून ढलप्यांचा फवारा मागच्या ट्रॉलीत पडतो. माझ्याजवळ काम करणारी माणसं कानांवर टोपणं चढवतात आणि हातवाऱ्यांनी बोलतात. मला कुठलीच गोष्ट हळू करता येत नाही. एकदा धरलेलं स्वतःहून सोडताही येत नाही.

जंगल मी खाते असं काही लोक म्हणतात. ते खरं नाही. झाडं तोडणारी माणसं वेगळी. ती सरळ ओंडके घेऊन जातात, त्यांच्या फळ्या होतात, तुळया होतात. मागे राहतात शेंडे, फांद्या, वाकडी खोडं, वादळानं मोडलेली, किडीनं पोखरलेली झाडं. पूर्वी हे सगळं तिथंच पडून कुजायचं, नाहीतर पेटवून द्यायचे. आता ते माझ्याकडे येतं. मी ढलप्या करते, त्या गावातल्या बॉयलरमध्ये जातात, पाणी तापतं, आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घराघरांत, शाळेत, हॉस्पिटलात फिरतं.

या बॉयलरवर माझ्या मालकिणीचा नवराच कामाला आहे. मालकिणीला सगळे ताई म्हणतात, म्हणून तो सगळ्यांचा दाजी. दाजी मऊ माणूस. माझ्या ढलप्या मुठीत घेऊन हुंगतो आणि म्हणतो, "कोळसा एकदा जाळला की गेला. झाडाचं तसं नाही. आपण जाळतो आहोत तोवर तिकडे दुसरं वाढतंय. फक्त जाळणाऱ्यानं वाढणाऱ्याच्या पुढे पळू नये." मला त्याचं बोलणं आवडतं. आगीजवळ राहून माणूस इतका थंड कसा राहतो, कोण जाणे.

माझा पहिला मालक असा नव्हता. त्यानं मला मातीसकट मुळं चारली, दगड चारले. पाती बोथट झाली तरी धार लावली नाही. मी अडले की तो पहारीनं माझ्या तोंडावर मारायचा. माझ्या पन्हळीवर उजव्या बाजूला खोलगट खड्डे दिसतायत ना, ते त्याचे. शेवटी त्यानं मला मोडीत काढायला ठेवलं. तिथून ताईनं मला उचललं. ती पूर्वी लाकडाचा ट्रक चालवायची. तिनं माझी गंजलेली पाती उतरवली, मांडीवर घेऊन पुसली आणि म्हणाली, "बाई गं, काय हाल केलेत तुझे." मला बाई म्हणणारी ती पहिली.

ताईचा धाकटा भाऊ तिच्यासोबत असायचा. त्याला सगळे भडक्या म्हणत. अंगानं दणकट, हसरा, पण मनाविरुद्ध काही झालं की पेट घ्यायचा. ताईनं त्याला लहानाचं मोठं केलेलं. तो जगात कुणाचं ऐकत असेल तर तिचं.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर आम्हाला डोंगरापलीकडच्या जंगलात काम मिळालं. झाडं तोडून झाली होती. रस्त्याच्या कडेला फांद्यांचे ढीग लावलेले होते. वनखात्याचा साहेब गाडीतून न उतरताच म्हणाला, "हे सगळे ढीग तुमचे. नाहीतरी कुजणारच आहेत."

ताईनं ढिगांकडे पाहिलं. "तोडणाऱ्यांनी किती नीट रचून ठेवलेत बघ. सगळे बुंधे एका बाजूला."

"चला," भडक्या म्हणाला, "हावरीला ताटच वाढून ठेवलंय!"

उताराखाली एक वस्ती होती. जंगलातच मोलमजुरी करून राहणारी दहाएक घरं. गरम पाण्याचे पाइप गावाच्या वेशीपाशीच संपतात, तिथवर येत नाहीत. प्रत्येक घराच्या धुराड्यातून तेव्हा धूर निघत होता. आमच्यापैकी कुणी त्या धुराकडे नीट पाहिलं नाही. मी तर काय, माझं सगळं लक्ष खाण्यावर.

पहिल्याच ढिगात माझ्या पात्यांना काहीतरी कडक लागलं. ताईला वाटलं, फांदीत खडा रुतला असेल. तिनं पाती बदलली. दुसऱ्या ढिगातही तसंच झालं. तिसऱ्या ढिगात एक वाकडी फांदी तोंडात आडवी अडकली. ताई मला फांद्या भरवायच्या क्रेनवरून उतरली आणि तिनं ती काठीनं आत ढकलली. फांदी सरळ झाली, रुळांनी ओढली, आणि माझ्या पोटात असा आवाज झाला की मला वाटलं, मी फुटले.

एक पातं तुटलं होतं. त्याचा तुकडा माझ्याच तोंडातून बाहेर गेला.

ताई ओरडली नाही. ती माझ्या पन्हळीवर ओणवी झाली, जणू काही पडलेलं शोधतेय. मग तिचं रक्त माझ्या लोखंडावरून वाहू लागलं. लाकडाचा चीक मला ठाऊक आहे, तो हळूहळू घट्ट होतो. हे घट्ट होत नव्हतं. भडक्यानं मला बंद केलं आणि तिला उचललं. तिचा डावा डोळा गेला होता.

तिला हॉस्पिटलात सोडून भडक्या परत आला तो सरळ माझं पोट उघडायला. कोपरापर्यंत हात घालून त्यानं ढलप्या उपसल्या. त्यातून एक खिळा निघाला. चपटा, चौकोनी, अर्धा कापला गेलेला.

तो खिळा त्यानं मुठीत धरला. मग उरलेल्या ढिगांकडे धावला. एकेक बुंधा चाचपू लागला. प्रत्येक ढिगात एक बुंधा असा निघाला ज्यात खिळा होता. डोक्यापर्यंत आत ठोकलेला, वर बोटभर सालीचा तुकडा दाबलेला.

"लपवलेत!" तो एकटाच बोलत होता. "लपवून ठोकलेत! माझ्या ताईला मारायला बसलेत हे!"

त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्याला हेच वाटलं असतं. आमच्या धंद्यात लाकडात खिळा ठोकणारा एकच, मशीन फोडायला निघालेला. आणि जवळ वस्ती होती ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी भडक्या चार गडी घेऊन वस्तीवर गेला. मी वळणावर उभी होते, तिथून वस्तीतली पहिली घरं दिसतात. त्यांनी दारापुढची लाकडं लाथांनी उधळली. एक माणूस आडवा आला, त्याच्या तोंडावर दांडका बसला. तो खाली कोसळला तो उठेचना. बायका दगड घेऊन धावल्या. एक बाई सर्वांत पुढे होती, कमरेला पदर खोचलेली. तिचा दगड भडक्याच्या खांद्यावर बसला.

"चोर ते चोर, वर शिरजोर!" ती ओरडत होती. "लाजा वाटत नाहीत?"

"चोर कोण गं? खिळे कुणी ठोकले?"

"आम्ही ठोकले! मग? हजारदा ठोकू!"

बघा, काय झालं ते. तिनं लपवलं नाही, आणि त्याला वाटलं, ही तर कबुलीच देतेय. तिथंच कुणी घोटभर पाणी पिऊन दोन शब्द बोललं असतं, तर पुढचं टळलं असतं. पण दगड सुरू असताना विचारायचं कुणी?

मग मला मार बसला. वस्तीवाल्यांनी माझे टायर कोयत्यानं चिरले. माझ्या डिझेलच्या टाकीत वाळू ओतली. माझी मान दगडांनी चेपली. भडक्यानं त्याचा वचपा काढला, वस्तीतल्या एकाचा हात मोडला. आणि मजा अशी की ढिगांमध्ये खिळे वाढू लागले. आधी एका ढिगात एक होता, आता चार-पाच झाले. आधी लहान होते, आता बोटाएवढे जाड. लपवलेलेही नाहीत, डोकी बाहेर काढून, चकचकीत.

"बघा दाजी," भडक्या म्हणाला. दाजी टाकी साफ करायला आला होता. "आता तर उघड उघड. एक डोळा घेऊन पोट नाही भरलं यांचं."

दाजी एका खिळ्यावरून बोट फिरवत होता. "मारायचं असतं तर हेही लपवले असते की. हे दाखवायला ठोकल्यासारखे वाटतात."

"काय दाखवायला?"

"तेच कळत नाही. विचारू या?"

"तुम्ही विचारा. ताई तुमची बायको आहे, पण आई माझी तीच आहे." भडक्याचा आवाज फाटला. "मी विचारणार नाही. मी वसूल करणार."

दाजीनं टाकी धुतली आणि तो ताईला आणायला निघून गेला. हॉस्पिटलातून तिला त्या दिवशी सोडणार होते, आणि तिनं सांगून ठेवलं होतं, आधी मशीन बघायची, मग घर.

त्याच दुपारी भडक्यानं नालबंदाला पकडलं.

नालबंद म्हणजे वस्तीतला सर्वांत म्हातारा माणूस. जंगलात घोडे ओंडके ओढायचे तेव्हा हा त्यांना नाल ठोकायचा. घोडे गेले, नाव राहिलं. दगड मारणारी ती बाई त्याचीच सून. म्हातारा शेवटच्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसला होता, हातात हातोडी, ओठांत खिळे धरलेले. भडक्यानं मागून त्याची मानगूट धरली. खिळे म्हाताऱ्याच्या तोंडातून चिखलात पडले.

"सापडलास! कुणी सांगितलं तुला? बोल!"

"सोड रे, माझा ढीग आहे," म्हातारा म्हणाला.

"तुझा? ताईचा डोळाही तुझाच होता का?"

त्यानं म्हाताऱ्याला फरफटत माझ्यापाशी आणलं आणि माझं इंजिन सुरू केलं. मला वाटलं, सुरूच नाही झाले तर बरं. टाकीत थोडी वाळू राहिली असेल, अडकेल कुठेतरी. पण दाजी कसलंही काम नीटच करतो. मी एका झटक्यात सुरू झाले.

भडक्यानं म्हाताऱ्याला माझ्या पन्हळीवर पालथं दाबलं. त्याला ठार मारायचं होतं असं मी म्हणणार नाही. त्याला घाबरवायचं होतं, वदवून घ्यायचं होतं. पण रागात माणसाला अंतर कळत नाही. "बोल! बोल!" तो ओरडत होता, आणि प्रत्येक 'बोल'ला म्हातारा वीतभर पुढे सरकत होता. म्हातारा बोलत होताच. माझ्या आवाजात भडक्याला ते ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, त्याचं तोंड माझ्याच तोंडात होतं.

"खिळा ठोकलाय," तो म्हणत होता, "दिसत नाही का तुम्हाला? खिळा ठोकलाय ना!"

त्याच्या कोटाची बाही सैल होती. ती खालच्या रुळाला लागली.

मला थांबता आलं असतं तर! पण मला जे दिलं ते मी ओढते, एवढंच मला येतं. बाही ताणली गेली, मनगट आलं, बोटं आली. म्हातारा किंचाळला. आणि भडक्याचा चेहरा मी पाहिला. इतका वेळ जो ढकलत होता तो आता जीव खाऊन मागे ओढू लागला. दोन्ही पाय माझ्या पन्हळीला लावून, म्हाताऱ्याला छातीशी धरून. बंद करायचं बटण इंजिनाच्या बाजूला आहे. तिकडे हात न्यायचा तर म्हाताऱ्याला सोडायला हवं, आणि सोडलं की म्हातारा गेला. "कुणीतरी या!" तो ओरडत होता. "अरे कुणीतरी या रे!"

रस्त्यावर दाजीची गाडी उभी राहिली. ताई उतरली. अर्धा चेहरा पांढऱ्या पट्टीत. एका डोळ्यानं तिला अंतराचा अंदाज येत नव्हता. ती धावताना एका खुंटावर आपटली, उठली, पुन्हा धावली, आणि तिनं बटणावर हात नाही, अख्खं अंग टाकलं.

रूळ थांबले. दाजीनं ते उलटे फिरवून हात सोडवला. उजव्या हाताची दोन बोटं चेंदली होती. ती पुढे कापावीच लागली.

ताईनं आपल्या डोक्याचा रुमाल सोडून म्हाताऱ्याचा हात बांधला. तोवर सून चढ चढून आली. तिच्या हातात कुऱ्हाड होती. भडक्या चिखलात बसला होता, रिकामे हात मांडीवर ठेवून. ती कुऱ्हाड उगारून आली तरी तो हलला नाही.

"मार," तो म्हणाला. "मार मला."

"सूनबाई, थांब," म्हातारा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. मग तो ताईकडे वळला. "पोरी, एवढं सांग. खिळा असताना आमचे ढीग का खाल्लेत तुम्ही?"

"खिळा असताना म्हणजे?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. ही खरंच विचारतेय की थट्टा करतेय, त्याला कळेना.

"म्हणजे काय? ढीग रचला की आम्ही बुंध्यात खिळा ठोकतो. ज्याच्या त्याच्या घरचा वेगळा. माझा नालाचा, चौकोनी. वर साल दाबतो, पाण्यानं गंजू नये म्हणून; ती उचलली की कुणाचा ते कळतं. खिळा असला की ढीग त्या घराचा. रंग धुऊन जातो, चिंधी कुणी काढून टाकतं, खिळा निघत नाही. माझा बाप ठोकायचा. चोरसुद्धा खिळ्याच्या ढिगाला हात लावत नाही."

"हे ढीग तुम्ही रचलेत?"

"मग कुणी? झाडं तोडणारे का असं रचतात? थंडीचं जळण आहे आमचं."

"आणि हे नवे? हे मोठे?"

सून रडत ओरडली, "तुम्हाला लहान दिसत नाहीत म्हणून ठोकले! आंधळे आहात असं वाटलं आम्हाला!" आणि ताईच्या पट्टीकडे लक्ष गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

माझं पिंप अजून फिरत होतं, त्याला थांबायला वेळ लागतो. सगळे ते थांबायची वाट पाहत असल्यासारखे उभे होते.

नंतर पोलीस आले. भडक्या सगळं खरं सांगायला तयार होता. पण हॉस्पिटलातल्या खाटेवरून नालबंदानं सांगितलं, बाही अडकली, याच पोरानं मला धरून ठेवलं. ताई मागाहून हे दाजीला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. ताईनं म्हाताऱ्याला विचारलं होतं, "आजोबा, का असं?"

"अर्धं खरंच आहे की ते. आणि हा तुरुंगात जाऊन बसला तर माझ्या शेगडीत काय तो जळणार आहे?" म्हातारा म्हणाला. "माफ नाही केलं त्याला मी. तुमच्या मशीननं जेवढे ढीग खाल्ले, तेवढं लाकूड त्यानं आमच्या दारात आणून टाकायचं. ट्रॅक्टरनं नाही. पाठीवरून."

माझी मान अजून चेपलेलीच आहे. ढलप्या जरा तिरप्या उडतात. ताई मान तिरकी करून काम करते, तेव्हा आम्हा दोघींचं बरं जमतं. आता ढिगाला हात लावण्याआधी ती वस्तीत जाते. सून तिच्याबरोबर ढिगांतून फिरते, वस्तीच्या ढिगांवर चुन्याचा पट्टा ओढते. त्या दोघी फारशा बोलत नाहीत. पट्टा नसलेलं तेवढं मी खाते. गावाला ते कमी पडत नाही, असं दाजी सांगतो. लाकूड आधीही पुरेसं होतं. वस्तीत जाऊन विचारणारं कुणी नव्हतं.

तुमच्या घरात माझ्या ढलप्यांची ऊब येत असेल, तर खुशाल घ्या. चांगली ऊब आहे ती, जंगल पुन्हा देणारी. फक्त जंगलात पडलेल्या फांद्यांना कुणी उरलेलं म्हणालं, तर विचारा की कुणाकडून उरलेलं. जिथे पाइप पोचत नाहीत तिथल्या माणसांना आधी विचारा, आणि मग मला सुरू करा. मला विचारता येत नाही. मला फक्त ओढता येतं.

भडक्या रोज भारा पाठीवर घेऊन उतरतो. पहिल्या दिवसांत वस्तीतून त्याच्यावर दगड यायचे. कपाळ फुटलं तरी तो भारा टाकायचा नाही. दारात नेऊन ठेवायचा, माझ्याजवळच्या बादलीत तोंड धुवायचा आणि पुढचा भारा बांधायचा. ताई विचारते, "आजच्यापुरतं बास का रे?" तो म्हणतो, "आहे अजून."

आज त्यानं नालबंदाच्या दारात भारा नेला तेव्हा सून बाहेर आली. तिनं दगड उचलला नाही. दार सताड उघडं टाकून ती आत गेली. मला इथून दिसत होतं, आत शेगडीपाशी म्हातारा बसला होता, बोटं गेलेला हात उबेला धरून. भडक्या किती तरी वेळ त्या उघड्या दारासमोर ओझ्यानं वाकून उभा राहिला. मग त्यानं भारा उंबऱ्याबाहेरच उतरवला, दार हलकेच ओढून घेतलं, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून, आणि चढ चढू लागला.